सीबीडी बेलापूर एका दिवसात दाखवायचंय, मामा ७४ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात

चरईकर

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय कारण पाहुणे घरी येऊन बसलेत. आमचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, संगमेश्वरहून आलेत आठ दिवसांसाठी. हे १९८६-८७ ला नवी मुंबईतल्या बेलापूरला एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते, दीडेक वर्ष ठाण्याला आमच्याकडेच राहायचे आणि रोज बसने ठाणे-बेलापूर रोडने जायचे यायचे, मग आजोबा गेले तसे गावी गेले ते बेलापूरला परत कधी फिरकलेच नाहीत. आता आल्यापासून एकच धोशा लावलाय, "मला बेलापूर दाखव, आम्ही गमबूट घालून चिखलात उभे असायचो तिथे आता मेट्रो आणि विमानतळ आलाय म्हणतात."

आता मी आयुष्यात बेलापूरला दोनदा गेलोय, दोन्ही वेळा एका सरकारी कागदासाठी, आणि दोन्ही वेळा "साहेब जेवायला गेलेत" एवढंच ऐकून परत आलोय, त्यामुळे माझं ज्ञान शून्य. प्रश्न असे: सुट्टीच्या दिवशी जावं की चालू दिवशी? ट्रेनने की गाडीने? मामा अर्धा तास चालू शकतात, मग बसायला लागतं. किल्ला आहे म्हणतात तो चढण्यासारखा आहे का? आणि नुसत्या बिल्डिंगा सोडून बघण्यासारखं काय आहे?

बिनपाण्याची_पुरी

सीबीडीत बघायला काय आहे ओ? झेरॉक्सची दुकानं. काचेच्या बिल्डिंगा बघायच्या तर बीकेसीला, वांद्रे-कुर्ल्याला न्या मामांना.

हार्बरवाली

वरच्यांकडे लक्ष देऊ नका, मी अकरा वर्षं सीबीडीत नोकरी करतेय. चालू दिवशीच या, रविवारी अजिबात नको. रविवारी सेक्टर ११ मध्ये फक्त कुत्री आणि वॉचमन असतात, मामांना वाटेल गाव उठून गेलंय. बिझनेस डिस्ट्रिक्ट बघायचा तर माणसं असताना बघा ना. दुपारी एकच्या सुमाराला स्टेशनच्या आसपास किंवा कोकण भवनाच्या बाजूला उभे राहा, सगळी ऑफिसं एकदम रस्त्यावर सांडतात. गळ्यातलं आयकार्ड शर्टाच्या खिशात खुपसून, रिबन तेवढी बाहेर, कारण मिसळीत बुडतं. मी एकदा बुडवलंय, आठवडाभर मशीनवर कार्ड लावलं की बोटांना तर्रीचा वास.

ट्रेनने या, गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यातच मामा दमतील. ठाण्याहून पनवेल लोकल बघून चढा, वाशीची पकडलीत तर भलतीकडे जाल आणि नेरुळवाली नेरुळलाच सोडते. पनवेलवाली थेट बेलापूरला आणते, बदलायची भानगड नाही. दहानंतर ठाण्याहून निघा म्हणजे मामांना बसायला मिळेल, आणि परतताना साडेचारच्या आत गाडीत बसा, त्यानंतर मी जबाबदार नाही.

जुना_नकाशा

बिनपाण्याची_पुरी यांनी बीकेसीचं नाव काढलंच आहे तर थोडं लांबण लावतो, कारण या जागेची खरी गोष्टच ती आहे.

१९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि इंजिनियर शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई नुसती उत्तरेला वाढत गेली तर लोकलमध्ये चिरडून मरेल, त्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर करा आणि नुसती घरं नको, कामधंदाच तिकडे न्या. १९७० ला हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, कोरिया सुरुवातीचे मुख्य आर्किटेक्ट. एकेक नोड, म्हणजे छोटं उपनगर, असं शहर आखलं आणि त्याचा मधला गाभा म्हणजे बेलापूर, म्हणूनच नावात सीबीडी, म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. मूळ आशा अशी होती की राज्य सरकार स्वतः मंत्रालयासकट इकडे येईल, ते आलं की मागोमाग कंपन्या येतील. सरकार आलं नाही! नरिमन पॉइंट भरत राहिला, मग बीकेसी उभं राहिलं आणि जे बेलापूरला यायचं होतं त्यातलं बरंचसं तिथेच अडकलं. इकडे आलं ते कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस, पोलीस आयुक्तालय. म्हणून सीबीडीला गेलं की बँकर कमी आणि फाईल काखेत मारलेला माणूस जास्त दिसतो. मला व्यक्तिशः हे बीकेसीपेक्षा बरं वाटतं, इथे निदान फुटपाथला झाडं आहेत आणि दहा रुपयांत चहा मिळतो.

दुसरं, स्टेशन. प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडायची घाई करू नका, मान वर करा. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं बसवलीत ती उगाच नाही. मानखुर्द ते बेलापूर रेल्वेच्या खर्चात ६७ टक्के सिडकोने घातले आणि ३३ टक्के रेल्वेने. एवढे पैसे काढायचे कुठून, तर स्टेशनच्या जागेवर व्यापारी बांधकाम करून. वाशीला गाडी आली १९९२ ला, बेलापूरला १९९३ ला. म्हणजे मामा होते तेव्हा रूळ नव्हतेच, त्यांचं बसने येणं बरोबर जुळतंय.

चरईकर

@जुना_नकाशा तुमची पोस्ट मामांना वाचून दाखवली. म्हणाले, "मंत्रालय येणार येणार हे आम्हाला पण सांगायचे, त्या भरवशावर आमच्या शेटने दोन गाळे घेऊन ठेवलेले." पुढे गाळ्यांचं काय झालं विचारलं तर विषय बदलला.

सेक्टर_आठ

मामा आणि सीबीडी म्हटल्यावर आर्टिस्ट व्हिलेज चुकवू नका. मी तिथेच, सेक्टर आठला राहतो, नावात आहेच. कोरियांनीच १९८३ ते ८६ मध्ये केलेली वसाहत आहे, म्हणजे मामा आले तेव्हा चुना नुकता वाळला असेल. स्टेशनवरून रिक्षा करा, चालत नका येऊ.

बघायचं काय ते सांगतो कारण लोक येतात, दोन जुनी कौलारू घरं शोधतात, फोटो मारतात आणि "सगळं बिघडलंय" म्हणून जातात. कल्पना अशी होती की सात घरांचा एक घोळका, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन घोळके मिळून एकवीस घरं, त्यांचं मिळून मोठं अंगण, असं वाढत वाढत मधल्या ओढ्यापर्यंत जायचं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि बऱ्यापैकी पैसेवाला यांच्या जागेत फार फरक नाही. आणि मुख्य म्हणजे दोन घरांची भिंत सामाईक नाही. म्हणजे मला वर खोली चढवायची असेल तर शेजाऱ्याच्या पाया पडायला नको. त्यामुळे लोकांनी चढवल्याच! कोणी दोन मजले, कोणी ग्रॅनाईट लावलं, कोणी स्टीलचं रेलिंग. आता जी पोरं आर्किटेक्चर कॉलेजातून येतात त्यातली निम्मी नाक मुरडतात. माझं म्हणणं एवढंच की घर वाढवता यावं म्हणूनच असं बांधलं होतं, ते वाढलं तर बिघडलं कसं? अंगणं बघा. अंगणात अजून कपडे वाळतात, पोरं क्रिकेट खेळतात, आमच्या अंगणात तुळशीपाशी संध्याकाळी चार म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतात. बिल्डिंगच्या लॉबीत बसतात का कोणी?

एक विनंती, अंगण म्हणजे बाग नाही, लोकांच्या घराचं दार आहे. आत शिरायच्या आधी कोणी दिसलं तर विचारा. मागे एक ग्रुप ड्रोन घेऊन आलेला, आमच्या काकूंनी पाईप सोडला त्यांच्यावर.

हार्बरवाली

पाईपवाल्या काकू 😂

खाडीकाठ

मी बेलापूर गावठाणातला. धागा वाचतोय, सगळे १९७० पासून सुरू करताय म्हणून लिहावं लागतंय.

सिडको यायच्या आधी पण इथे माणसं होती हो. बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे ही गावं सीबीडीच्या पोटातच आहेत, नकाशात सेक्टर नंबर दिसतात म्हणून गावं दिसत नाहीत. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, भातशेती आणि मिठागरं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. तुमचे मामा ८६ ला आले म्हणजे हे ताजं होतं, त्यांना विचारा आठवतंय का.

किल्ल्याचं सांगतो. महापालिकेचं ते घुमटवालं मुख्यालय आहे ना पामबीच रोडच्या टोकाला, त्याच्याच परिसरात किल्ले गावठाण, रेती बंदराकडे. किल्ला सोळाव्या शतकातला, जंजिऱ्याच्या सिद्दीने बांधलेला. मग पोर्तुगीजांकडे गेला १६८२ ला, १७३३ ला चिमाजी अप्पांनी घेतला आणि १८१७ ला इंग्रजांनी. नाव शहाबाज होतं. अप्पांनी नवस केलेला की किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलपानांची माळ वाहीन, तो फेडला आणि किल्ल्याचं नाव पडलं बेलापूर, असं आमच्याकडे सांगतात. इथून घारापुरीला भुयार जातं असं पण सांगतात, आमचे आजोबा तर शपथेवर सांगायचे पण आत गेलेला एकपण माणूस त्यांनी कधी दाखवला नाही.

आता खरं सांगायचं तर बघायला फार उरलेलं नाही. बुरूज आहे, भिंतींचे तुकडे आहेत, झाडं माजलीत. राजगड डोक्यात ठेवून आलात तर हिरमुसाल. गुडघेवाल्यांनी वर जायचं नाही, खालूनच बघा. पण जिथे उभे राहाल तिथून एका बाजूला बुरूज, दुसऱ्या बाजूला पालिकेचा घुमट आणि मागे खाडी. टेहळणीचा बुरूज इथेच का बांधला ते तेव्हा कळतं, पनवेलच्या खाडीत जाणारं गलबत इथून सुटायचं नाही.

आणि जाताना दिवाळ्याचं मासळी मार्केट बघा. काचेच्या बिल्डिंगा कधीपण बघता येतील.

बिनपाण्याची_पुरी

बरं बाबा, माघार. मासळीसाठी मी पण येतो.

चरईकर

@खाडीकाठ मनापासून धन्यवाद. मामांना जासई आठवतंय. आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले साईटवर गावातली पोरं मजुरीला यायची, त्यातला एकजण जिथे खड्डा खणत होता ती त्याच्याच काकाची जमीन होती. त्याला मुकादम काही बोलायचा नाही, एरवी सगळ्यांना शिव्या द्यायचा.

आता प्रश्न असा की एका दिवसात एवढं बसेल का?

मेट्रोमॅन_पेंधर

बसेल, पण मेट्रो घाला मधे. बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं, ११ किलोमीटर. काम सुरू झालं २०११ ला, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, त्यामुळे आम्ही खारघरवाले अजून पण चढताना एकदा खांबाला हात लावून बघतो खरी आहे का. लिफ्ट आहे, एसी आहे, दुपारी रिकामी असते. मामांना खिडकीपाशी बसवा, डोंगर आणि त्याच्या पायथ्याला उगवलेलं खारघर, एवढ्यात चाळीस वर्षं कळतात. पेंधरला उतरून काही करायचं नाही, तीच गाडी पकडून परत या. गुडघेवाल्यांसाठी याच्यापेक्षा स्वस्त सहल नाही.

विमानतळ मात्र बेलापुरात नाही हे सांगून ठेवा मामांना, तो खाडीपलीकडे उलव्याच्या बाजूला. नाहीतर स्टेशनबाहेर विमान शोधत बसतील.

हार्बरवाली

माझा क्रम: अकराला बेलापूर, स्टेशन बघून लगेच मेट्रो (बसणं होतं), बाराच्या पुढे परत. एकला जेवण ऑफिसवाल्यांच्या गर्दीत. दोनला रिक्षाने आर्टिस्ट व्हिलेज, साडेतीनला किल्ले गावठाण खालूनच. बँकेच्या आणि सरकारी कंपाऊंडसमोर कॅमेरा काढू नका, गार्ड धावत येतात. बाथरूम स्टेशनवर आणि मेट्रोत उरकून घ्या, नंतर हाल आहेत, बायकांचे तर विचारूच नका.

आणि मामा संगमेश्वरचे ना? मग सेक्टर ११ ला बेलापूर भवन दाखवा. कोकण रेल्वेचं मुख्य ऑफिस तिथे आहे. ज्या गाडीने मामा आले तिची मालकीणच!

खाडीकाठ

क्रम चुकला. मासळी सकाळी घ्यायची असते, चार वाजता काय राहणार? कपाळ.

हार्बरवाली

@खाडीकाठ मग काय मासळी घेऊन आर्टिस्ट व्हिलेज फिरायचं? मांजरी लागतील मागे.

सेक्टर_आठ

आमच्याकडे मांजरी बक्कळ आहेत, येऊ द्या.

चरईकर

गुरुवारी जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, कारण मामांना काल गाडीत बसवलं.

पनवेल लोकल मिळाली, खिडकी मिळाली. रबाळे घणसोली जसजसं मागे पडायला लागलं तसे मामा गप्प. तुर्भ्यानंतर मला म्हणाले, "रस्ता कुठाय?" त्यांना लक्षात होता तो रस्ता, रेल्वे नव्हतीच तेव्हा. बेलापूरला उतरल्यावर @जुना_नकाशा यांनी सांगितल्याप्रमाणे मान वर केली, तर पहिलं वाक्य, "प्लॅस्टर बरं केलंय." पुढचे दहा मिनिटं खांब मोजत होते.

मेट्रो दोनदा केली. म्हणजे पेंधरला जाऊन परत आलो आणि बेलापूरला उतरल्यावर म्हणाले परत एकदा जाऊया, पहिल्यांदा चुकीच्या बाजूला बसलो. त्यामुळे हार्बरवाली ताईंचं वेळापत्रक तिथेच बोंबललं. पण एकची गर्दी सापडली, आयकार्ड खिशात खुपसलेली माणसं पण सापडली. मामांनी शेजारच्या मुलाला विचारलं काय काम करतोस, तो म्हणाला डेटा, मामांनी मान डोलावली आणि मला हळूच विचारलं, "म्हणजे काय विकतो?"

बेलापूर भवनासमोर रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला. हा त्यांना सगळ्यात आवडला, गावी दाखवायचाय म्हणे. त्यांच्या आयुष्यात कोकणात रेल्वे येईल असं कोणी म्हटलं की लोक हसायचे, ती पूर्ण झाली १९९८ ला.

आता मुख्य गोष्ट. त्यांची साईट सापडली नाही. दोन तास डोकं लावलं. एवढंच आठवत होतं की साईटवरून डोंगर डाव्या हाताला आणि त्याला एक उघडा लाल ओरखडा, खडी काढलेला. डोंगर तिथेच आहे, पण पुढे बिल्डिंगा, तो दिसायला फटी शोधत हिंडलो. एका जुन्या चारमजली ऑफिसबिल्डिंगसमोर थांबले, जिन्याच्या खालची बाजू वाकून बघितली, म्हणाले आमचीच असेल. पुढच्या गल्लीत तशीच दुसरी. तिलापण म्हणाले आमचीच असेल. तिसऱ्या ठिकाणी वॉचमनने हटकलं तर त्यालाच विचारलं, हिचं गळकं टाकं अजून गळतं का. तो म्हणाला गळतं. मामा खूश! पण अहो, चाळीस वर्षं जुनं टाकं कुठल्या बिल्डिंगचं गळत नाही?

आर्टिस्ट व्हिलेजला तीन वाजता पोचलो. एका अंगणात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या, विचारलं आत येऊ का, त्यांनी खुर्चीच दिली. मामा तिथे पाऊण तास बसले. मी ओढ्यापर्यंत जाऊन आलो तर यांची संगमेश्वरच्या पावसावर चर्चा चाललेली, आजी निघाल्या राजापूरच्या. उठताना मामा भिंत ठोकून म्हणाले बांधकाम साधं आहे, पण वाऱ्याला वाट ठेवलीय. @सेक्टर_आठ पाईपवाल्या काकू त्याच असतील तर सांगा, चहा चांगला होता.

किल्ल्यापाशी रिक्षातूनच बुरूज बघितला, उजेड उतरत होता, मामा खाली उतरले नाहीत. खाडी बघून म्हणाले हा वास तोच आहे.

सेक्टर_आठ

राजापूरच्या म्हणजे त्याच. ड्रोन नव्हता म्हणून चहा मिळाला.

खाडीकाठ

आणि दिवाळे?

चरईकर

गेलो ना, पाच वाजून गेलेले. दोनच बायका होत्या, कोळंबी संपलेली, एकीकडे निवटी, म्हणजे चिखलातली छोटी मासळी, होत्या जिवंत, टोपलीत उड्या मारत होत्या. मामांनी घासाघीस न करता सगळ्या घेतल्या. मग साडेपाचची ठाणे लोकल, गच्च भरलेली, मामांना एका मुलाने जागा दिली आणि मांडीवर ती पिशवी. घणसोलीला पिशवी हलली तशी शेजारची बाई उठून उभी राहिली.

हार्बरवाली

साडेचारच्या आत बसा म्हणून सांगितलेलं मी.

बिनपाण्याची_पुरी

निवटीचं केलं काय पण? कालवण की सुकं?

चरईकर

सुकं. आईने केलं, चिंच घालून. आणि हो, मामा पुढच्या दिवाळीत परत येणार म्हणतायत, सकाळी सातला थेट दिवाळ्याला जायचं म्हणे. विमानतळ राहिलाच बघायचा. उलव्याच्या बाजूला कसं जायचं कोणाला माहीत असेल तर लिहा, त्यांना नुसतं बाहेरून विमान उडताना बघायचंय, आत जायचं नाही.

मेट्रोमॅन_पेंधर

उरणची लोकल बघा, बेलापूरहून सुटते, नेरुळहून पण. जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते. मामांना खिडकीत बसवा, बरोबर बाजू आधी विचारून ठेवा.